काळीतलं पीक, पांढरीतला पुरावा

इनामगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात, सापडलेला सातूचा दाणा जळालेला आहे, आणि जळाला म्हणूनच तो आपल्या हाती लागला. कच्चा दाणा ओल्या मातीत चार-दोन पावसाळ्यांत कुजून जातो. भाजताना करपलेला, चुलीबाहेर उडालेला, घराला लागलेल्या आगीत कोळसा झालेला दाणा मात्र तीन हजार वर्षं टिकतो; कारण किडीला आणि बुरशीला खाण्याजोगं त्यात काही उरलेलं नसतं. असा दाणा भिंगाखाली धरला की पोटावरची खाच दिसते, पाठीवर तुसाच्या उभ्या रेषा दिसतात. सहा ओळींच्या सातूच्या कणसात मधले दाणे सरळ आणि बाजूचे किंचित पिळवटलेले असतात. पिळवटलेल्या दाण्यांचं प्रमाण मोजलं की कणीस कसं होतं ते सांगता येतं.

महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. त्यांचा इतिहास लिहायचा तर अस्सल कागद म्हणून हेच हाती आहे: करपलेले दाणे, जनावरांची हाडं, लहान मुलांचे दात, नदीकाठच्या बांधाचे दगड, आणि दूरच्या सरोवराच्या नि समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. हे कागद वाचताना बखर वाचताना घ्यावी तशीच काळजी घ्यावी लागते. दाणा विस्तवाजवळ गेला तरच टिकतो. म्हणजे जे धान्य भाजून खात, ते जास्त सापडणार, आणि पालेभाजी, कंद, रानातली फळं जवळपास सापडणारच नाहीत. हाडांत मोठ्या जनावराचं हाड नजरेत भरतं, माशाचा काटा चाळणीतून निसटतो. मुलांचे सांगाडे मेलेल्या मुलांचे असतात. जगली-वाढली त्यांच्याबद्दल ते थेट काही सांगत नाहीत. या मर्यादा धरूनच पुढचं सगळं लिहिलं आहे.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर आहे. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावं. त्यांचा सविस्तर अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात एखादं ताम्रपाषाणयुगीन खेडं इतकं आडवं उघडून, घराला घर लावून क्वचितच पाहिलं गेलं आहे. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी, चुली, बळदं, धान्याचे खड्डे, कुंभाराची भट्टी आणि दोनशेहून जास्त दफनं उजेडात आली. कोळशाच्या नमुन्यांचं कार्बन-14 मापन आणि खापरांचा क्रम यांवरून वस्तीचे तीन टप्पे ठरले: माळवा संस्कृतीचा इ.स.पू. 1600 ते 1400, आद्य जोर्वेचा 1400 ते 1000 आणि उत्तर जोर्वेचा 1000 ते 700. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या प्रवराकाठच्या गावाचं. तिथे 1950-51 मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, आणि लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली, टिचकी मारली की खणखणणारी ती खापरं प्रथम नीट ओळखली गेली.

मातीतून दाणे वेगळे करायची रीत साधी आहे. थरातली माती पाण्यात सोडायची, ढवळायची. कोळसा झालेलं हलकं धान्य वर तरंगतं, ते बारीक जाळीवर गोळा करून सावलीत वाळवायचं. हे काम इनामगावला मुकुंद काजळे यांनी केलं. यादी निघाली ती अशी: सातू, गहू, मसूर, वाटाणा, लाख, कुळीथ, वाल, थोडा तांदूळ, शिवाय बोरांच्या आठळ्या. सातू सगळ्यांत ठळक.

या यादीकडे शिरूरच्या शेतकऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ती विचित्र वाटते. ज्वारी-बाजरीच्या मुलखात मुख्य पीक सातू कसं? आणि जून ते सप्टेंबर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात गहू, सातू, मसूर, वाटाणा ही हिवाळी पिकं पुढे कशी?

उत्तर शोधायला फार पश्चिमेला जावं लागतं. रानटी सातू आणि रानटी गहू आजही पॅलेस्टाईन, सीरिया, दक्षिण तुर्कस्तान, इराक-इराणच्या झाग्रोस डोंगरांच्या उतारांवर उगवतात. तिथलं हवामान आपल्या उलट. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कडक आणि पूर्ण कोरडा. अशा ठिकाणी बारमाही झाडाला उन्हाळा काढणं कठीण. हिवाळ्यात उगवून वसंतात दाणा भरायचा आणि उन्हाळ्याआधी मरायचं, बी मात्र मागे ठेवायचं, ही रीत फायद्याची. कोरडा काळ लांब असल्याने बियांत साठा भरपूर लागतो, म्हणून दाणा मोठा. मोठा, साठवता येणारा, एकाच वेळी पिकणारा दाणा माणसाच्या उपयोगाचा ठरला. अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपून हवामान स्थिरावत असताना तिथल्या लोकांनी हे गवत कापायला आणि पेरायला सुरुवात केली. डोंगर, दऱ्या आणि पठारं जवळजवळ असल्याने थोड्या अंतरात उंची बदलते, उंचीबरोबर थंडी आणि पाऊस बदलतो, आणि एकाच गवताच्या अनेक जाती शेजारीशेजारी नांदतात. पिकांचं वैविध्य डोंगराळ मुलखात एकवटलेलं असतं, हे 1920 च्या दशकात निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाने इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया असे देश पालथे घालून, हजारो वाणांचे नमुने गोळा करून दाखवलं.

तिथून सातू आणि गहू पूर्वेकडे सरकले. बलुचिस्तानातल्या मेहरगढला इ.स.पू. सात हजारच्या सुमारास सातू आहे. सिंधूच्या खोऱ्यापर्यंत प्रवास सोपा होता, कारण पश्चिमेकडून येणारा हिवाळी पाऊस तिथवर पोचतो. खरी अडचण त्यापुढे, दख्खनच्या पठारावर. इथे हिवाळ्यात पाऊस जवळजवळ नाही. परक्या ऋतूचं हे बी इथे टिकलं, त्याला कारण काळी माती. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि पुढचे काही महिने ते धरून ठेवते. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड, पहाटे दव. ज्याला आपण रब्बी म्हणतो तो हंगाम म्हणजे या जमिनीवर पावसाशिवाय काढलेला हिवाळी पावसाचा हंगामच. शिवाय ही माती उन्हाळ्यात तडकते, वरचा भुगा भेगांत पडतो, आणि माती आपली आपण खालीवर होते. लाकडी आणि दगडी औजारांच्या शेतकऱ्याला ही मोठीच मदत होती.

प्रवरेकाठच्या दायमाबादला सर्वांत खालच्या, सावळदा संस्कृतीच्या थरात, म्हणजे इ.स.पू. 2200 च्या आगेमागेच, सातू आणि कडधान्यं दिसतात. म्हणजे घोडकाठी माळवा संस्कृतीचे लोक आले तेव्हा हे परकं बी काळ्या मातीत रुळून सहाएकशे वर्षं झालेली होती.

दक्षिणेत मात्र वेगळी गोष्ट घडली. बेल्लारीजवळचं संगनकल्लू, तेक्कलकोटा, हळ्ळूर अशा नवाश्मयुगीन स्थळांतले दाणे डोरियन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. तिथे मुख्य धान्यं दोन बारीक भरडधान्यं, आणि त्यांच्या जोडीला मूग आणि कुळीथ. ही चारही पिकं पावसाळी, आणि त्यांचे रानटी भाऊबंद दख्खनच्या पठारावर नि सह्याद्रीच्या कोरड्या कडेला अजून आढळतात. मोसमी पावसाच्या गवताला मोठ्या दाण्याची गरज नसते. जूनमध्ये उगवलं, ऑक्टोबरात पिकलं, बी बारीक पण अमाप. माणसाने तेच उचललं. म्हणजे एकाच पठारावर उत्तर भागात आयात केलेली हिवाळी शेती आणि दक्षिण भागात घरची पावसाळी शेती. इनामगावच्या यादीत सातूशेजारी कुळीथ आणि वाल आहेत, ते या दोन प्रवाहांची गाठ पडल्याची खूण आहेत. माझ्या मते या यादीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. गव्हा-सातूच्या प्रवासाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. आपल्या कुळथाच्या वाट्याला ते कौतुक आलं नाही.

आता जागा. जोर्वे संस्कृतीच्या वस्त्यांचा नकाशा पाहिला तर त्या तापी, गिरणा, प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा यांच्या काठांनी दाटल्या आहेत. कोकणात नाहीत, विदर्भाच्या बऱ्याच भागातही नाहीत. म्हणजे जिथे पाऊस सर्वांत जास्त तिथे शेतकरी गेला नाही, आणि जिथे आज आपण अवर्षणप्रवण म्हणतो तिथेच तो स्थिरावला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शिरूरकडे पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया पडते. या एका डोंगररांगेमुळे शंभरएक किलोमीटरच्या आत सदाहरित जंगल, पानझडी रान, बाभळी-बोरींचं काटवन आणि उघडं माळरान हे सगळे पट्टे येतात, आणि प्रत्येकाची झाडं-जनावरं निराळी.

घनदाट जंगल तांब्याच्या आणि दगडाच्या कुऱ्हाडीने साफ होत नाही, आणि केलं तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा माजतं. जांभ्या दगडावरची माती धुपून जाते. पूर्वेकडच्या काटवनात मात्र झाडं विरळ, गवत भरपूर, गुरांना चरायला मोकळं रान. आणि नदीचं पाणी स्वतःच्या पावसाचं नव्हे, घाटमाथ्याचं. घोड सह्याद्रीच्या माथ्यावर आंबेगावच्या पश्चिमेला उगम पावते आणि कोरड्या मुलखातून वाहत भीमेला मिळते. इनामगावकराला ओल्या डोंगराचं पाणी कोरड्या जमिनीवर मिळत होतं.

ते पाणी त्याने वळवलं, असं ढवळीकरांचं म्हणणं आहे. आद्य जोर्वे काळातला दगडमातीचा एक बांध वस्तीच्या कडेने उघडा झाला: सुमारे 240 मीटर लांब, 2.2 मीटर रुंद. त्याला लागून चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल चर. पुराचं पाणी या चरातून शेताकडे नेत असावेत आणि बांधामुळे वस्तीचंही पुरापासून रक्षण होत असावं. चर प्रत्यक्ष शेतापर्यंत पोचलेला दाखवता आलेला नाही, म्हणून ‘कालवा’ हा शब्द मी अनुमान म्हणून वापरतो. बांध मात्र निश्चित आहे. इतके दगड वाहून आणून रचायचे तर अनेक घरांचे हात काही हंगाम एका कामाला लावावे लागतात, आणि ते लावू शकणारा कोणीतरी असावा लागतो. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर सापडलं, त्याला लागून धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत एका पुरुषाला पुरलेलं होतं. बाकीची मोठी माणसं उताणी, घोट्याखाली पाय तोडून जमिनीत पुरलेली. लहान मुलं दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात, घराच्या जमिनीखाली. कोठार, मोठं घर आणि निराळं दफन एकत्र येतात तेव्हा गावप्रमुखाचा तर्क बळकट होतो.

आद्य जोर्वेची घरं चौकोनी, साधारण पाच मीटर बाय तीन मीटर, कुडाच्या भिंती, गवताची छपरं. घरात चूल, धान्याचे खड्डे, रांजण टेकवायला चार चपटे दगड. गोठ्यात गुरं, शेळ्या-मेंढ्या. शिकारही होतीच: चितळ, सांबर, काळवीट, नदीतले मासे आणि कासवं. जंगल, माळ आणि नदी या तिन्ही ठिकाणचं अन्न एका चुलीवर येत होतं. शेतीच्या आरंभीच्या खेड्याला आसपासच्या जैववैविध्याचा आधार किती होता, हे या हाडांइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

इ.स.पू. 1000 नंतर चित्र बदलतं. प्रवरा-गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांतल्या वस्त्या बहुतेक ओस पडतात. भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारख्या थोड्या तग धरतात. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. खापरांचा घाट ओबडधोबड होतो. पी. के. थॉमस आणि इतरांनी तपासलेल्या हाडांत गुरांचं महत्त्व घटून शेळ्या-मेंढ्यांचं आणि शिकारीचं वाढलेलं दिसतं. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी दात तपासले तेव्हा उत्तर जोर्वे काळात कीड कमी आढळली. पिठूळ अन्न कमी झालं की दात कमी किडतात. दात निरोगी झाले, याचा अर्थ ताटातलं धान्य आटलं.

ढवळीकरांनी या सगळ्याची एका सूत्रात मांडणी केली: इ.स.पू. 1000 च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं, शेती बसली, लोक आधी शिकारीकडे आणि शेळ्या-मेंढ्यांकडे वळले आणि शेवटी गाव सोडून भटके झाले. या मांडणीला मराठी वाचकाच्या मनात आधीच जागा तयार असते. 1396 मध्ये सुरू होऊन बारा वर्षं चालल्याचं सांगितलं जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात नोंदवला आहे, आणि पाऊस गेला की गाव उठतं हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण इथेच थांबून विचारलं पाहिजे: इ.स.पू. 1000 चा दुष्काळ कुठे नोंदलेला आहे? ढवळीकरांच्या काळी जवळचा, मोजता येणारा, थेट पावसाचा पुरावा नव्हता. वस्ती उठली यावरून दुष्काळ ठरवायचा आणि मग दुष्काळाने वस्ती उठली म्हणायचं, हा धोका त्या मांडणीत होता. आज दोन स्वतंत्र साक्षी आहेत.

पहिली लोणारची. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेल्या खड्ड्यात आहे. पाणी येतं ते पावसाचं आणि झऱ्यांचं. बाहेर वाहून जायला वाट नाही. पाऊस घटला की पाणी आटतं, क्षार दाटतात आणि तळाच्या गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक बनतात. सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटरचा गाळाचा स्तंभ काढून त्याचा अभ्यास झाला; तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. हे स्फटिक दोन दीर्घ काळांत आढळले: आजपासून सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वी.

दुसरी साक्ष गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळाची. नदीच्या सगळ्या खोऱ्यातली पानं गळतात, कुजतात, पण पानांवरचं मेण गाळाबरोबर समुद्रात जाऊन टिकतं. कोरड्या हवेत तगणाऱ्या गवतांच्या मेणातलं कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण झाडांच्या मेणापेक्षा वेगळं असतं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून 1,700 वर्षांपूर्वीपर्यंत कोरडेपणात तगणाऱ्या वनस्पतींचं प्रमाण हळूहळू वाढत गेलं, आणि पुढे ते तसंच राहिलं. भीमेचं खोरं कृष्णेचं, गोदावरीचं नव्हे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही गावं गोदावरीच्याच खोऱ्यातली आहेत.

दोन्ही साक्षी शेजारी मांडल्या की पहिली गोष्ट अशी दिसते: महाराष्ट्रातली शेती भरभरून पाऊस असलेल्या काळात सुरू झालेली नाही. ती सुरू झाली पठार कोरडं पडत असताना. लोणारच्या पहिल्या दीर्घ अवर्षणाच्या उत्तरार्धात सावळद्याचे लोक सातू पेरताना दिसतात. झाडी विरळ झाली, माळ वाढला, गुरं राखणाऱ्यांना आणि कमी पावसाचं पीक घेणाऱ्यांना जागा मोकळी झाली, असं अनुमान यावरून काढता येतं, आणि गोदावरीचा अभ्यास करणाऱ्यांनीही ते साधारण याच दिशेने काढलं आहे.

दुसरी गोष्ट ढवळीकरांच्या मांडणीला अडचणीची आहे. इ.स.पू. 1000 हे साल लोणारच्या दोन्ही अवर्षणांच्या मधल्या काळात पडतं. गोदावरीच्या गाळात कोरडेपणा वाढतोच आहे, पण संथपणे. त्या सुमारास एकाएकी खाली बसलेला पाऊस तिथे नाही. त्याच अभ्यासात गेल्या तीनएक हजार वर्षांत पावसाचा लहरीपणा वाढल्याच्या खुणा आहेत, तेवढा आधार त्या मांडणीला मिळतो.

तिसरी गोष्ट मला निर्णायक वाटते. लोणारचं दुसरं अवर्षण, सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचं, म्हणजे सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा काळ. पैठण, तेर, वेरूळ, देवगिरी यांचा काळ. त्या काळात महाराष्ट्र ओस पडला नाही. उलट शहरं, लेणी, देवळं, बाजारपेठा उभ्या राहिल्या. पाऊस कमी असणं आणि गाव उठणं यांत थेट नातं असतं तर हे घडलं नसतं. मधल्या काळात लोखंड आलं होतं, विहिरी-तळी होती, आणि पिकं बदलली होती. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आफ्रिकेत माणसाळलेली धान्यं इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात भारतात दिसू लागतात आणि पुढे पठारभर पसरतात. ती उन्हाळी पावसाच्या, लांब कोरड्या काळाच्या मुलखात घडलेली होती; दख्खनच्या हवामानाशी त्यांचं सातूपेक्षा कितीतरी चांगलं जमलं.

मग इनामगाव का उठलं? ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून 2011 मध्ये पुस्तक लिहिलं. दातांवरून वय आणि हाडांवरून उंची-वजन काढलं, तर उत्तर जोर्वे काळातली मुलं वयाच्या मानाने खुरटलेली निघाली. हवामान अचानक बिघडलं हे स्पष्टीकरण त्यांनी मान्य केलं नाही. आधीपासूनच निमकोरड्या असलेल्या प्रदेशात शेतीचा ताण जमिनीला झेपेना, असा त्यांचा रोख आहे. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर एखादा उथळ खळगा असतो. बाळ पोटात असताना किंवा जन्मल्यावर पहिल्या महिन्यांत दाताचं कवच बनत असतं, तेव्हा आईचं किंवा बाळाचं पोषण तुटलं की तो पडू शकतो आणि पुढे भरून येत नाही. लुकाच आणि वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांत असे खळगे तपासून 1998 मध्ये त्यांचा संबंध हवामान आणि अन्न यांतल्या बदलाशी जोडला. बोटाच्या टोकावर मावणारा तो दात तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाळंतिणीच्या उपासमारीबद्दल बोलतो. ताण होता, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे; वाद फक्त कारणाचा आहे.

माझा निवाडा असा: दुष्काळाने इनामगाव संपवलं, हे विधान उपलब्ध साधनांवर साधार म्हणता येत नाही. साधार एवढंच म्हणता येतं की कोरड्या होत चाललेल्या, पाऊस लहरी झालेल्या मुलखात हिवाळी पिकांवर टेकलेली शेती काही शतकं बांध घालून, गुरं राखून, शिकार करून चालली. मग ती हळूहळू पातळ झाली आणि इ.स.पू. 700 च्या सुमारास थांबली. ढवळीकरांनी प्रश्न विचारला नसता तर हे गाळ आणि दात कोणी या नजरेने पाहिलेच नसते. त्यांचं मोठेपण या दुरुस्तीने कमी होत नाही. पुढचा पुरावा आता गाव-गावच्या थरांतल्या एकेका दाण्याचं स्वतंत्र कार्बन मापन करून मिळेल. सातू कधी घटला आणि ज्वारी-बाजरी कधी आली याच्या तारखा जुळल्या तर हा वाद मिटू शकतो.

पण त्यासाठी पांढरी शिल्लक राहायला हव्यात. घोड, भीमा, प्रवरा, गिरणेच्या काठी अजून न उघडलेल्या जुन्या पांढरी आहेत. पांढरीची माती खत म्हणून काळीत नेण्याची रीत जुनीच. आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आणि डंपर आले आहेत, आणि शतकांचे थर एका दिवसात उपसले जातात. आपल्या शिवारात अशी मऊ राखाडी माती उपसली जात असेल आणि तिच्यात लाल खापरावर काळ्या रेषांची नक्षी, तोटीच्या भांड्याचे तुकडे किंवा करपलेलं धान्य दिसलं, तर काम थांबवा, तुकडे जागचे हलवू नका, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.